बायोप्सीच्या बाटलीपासून संशोधनापर्यंत: गोव्यात मुखकर्करोगाचा डॉक्टर-संशोधक होताना

तोंडातला व्रण दोन आठवड्यांत भरला नाही तर त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा, हे बीडीएसच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलांना पाठ असतं. तो तुकडा पुढे कुठे जातो, त्यावर कोण काय लिहितं आणि त्या लिहिण्यावरून रुग्णाच्या मानेची शस्त्रक्रिया करायची की नाही हे कसं ठरतं, याची कल्पना मात्र इंटर्नशिप संपली तरी अनेकांना नसते. ओरल पॅथॉलॉजीचं, म्हणजे तोंडाचे आजार मायक्रोस्कोपखाली ओळखण्याच्या शाखेचं, काम म्हणजे तुकड्याचा हा सगळा प्रवास. जो रुग्ण तपासतो, स्लाइड वाचतो आणि त्याच सामग्रीवर प्रश्न विचारून संशोधनही करतो, तो डॉक्टर-संशोधक. गोव्यात राहून या वाटेला लागू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि नव्या रेसिडेंटांसाठी हे लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. संशोधन म्हटलं की नवखे जीन, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) आणि महागडी यंत्रं यांच्याकडे धावतात. या क्षेत्रातलं खरं भांडवल दोनच गोष्टींचं असतं: नीट ठेवलेले ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, आणि पाच वर्षांनीही उचलला जाईल असा रुग्णाचा फोन नंबर. जीन त्यानंतर.

वाट किती वर्षांची

बीडीएसची चार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडीएसची, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाची, तीन. म्हणजे बारावीनंतर आठ वर्षांनी तुम्ही तज्ज्ञ, आणि पीएचडी करायची तर आणखी किमान तीन. गोव्यात बीडीएससाठी बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज आहे, १९८० मध्ये सुरू झालेलं. शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. हे शेजारपण पुढे फार उपयोगी पडतं, त्याबद्दल खाली येईलच.

एमडीएससाठी नीट-एमडीएस ही संगणकावरची परीक्षा: २४० प्रश्न, तीन तास, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. ओरल पॅथॉलॉजीच्या जागा बहुधा शेवटच्या फेऱ्यांपर्यंत शिल्लक असतात, आणि म्हणून कित्येक जण 'निदान एमडीएस तरी होईल' या हिशेबाने ही शाखा घेतात. असं करू नका. तीन वर्षं मायक्रोस्कोपसमोर बसायचं असतं, खुर्चीवरचा रुग्ण कमी असतो आणि खासगी दवाखान्यातली कमाई उशिरा सुरू होते. इंटर्नशिपमध्ये विभागप्रमुखांना विचारून सलग दोन आठवडे स्लाइड वाचनाला बसा. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस स्वतःहून जुन्या स्लाइड मागायला लागलात, तर शाखा तुमची.

बीडीएस चालू असतानाच आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अल्पमुदतीच्या विद्यार्थी-संशोधन योजनेला, म्हणजे एसटीएसला, अर्ज करा. प्रकल्प दोन महिन्यांचा असतो, गाईड आपल्याच कॉलेजचा चालतो. मिळणारी रक्कम छोटी असते, पण प्रस्ताव लिहिणं, एथिक्स कमिटीचे प्रश्न झेलणं आणि मुदतीत अहवाल देणं या तिन्ही गोष्टी विसाव्या-एकविसाव्या वर्षी शिकायला मिळतात. इंटर्नशिप लागली की ही संधी गेली, हे लक्षात ठेवा.

पहिले सहा महिने: बाटली

रेसिडेंट झाल्यावर पहिले सहा महिने तुकडा कसा यायला हवा हे शिका आणि इतरांनाही शिकवा. वाईट तुकड्यावरून चांगला रिपोर्ट कोणालाच देता येत नाही. बायोप्सी घेणाऱ्याने पाळायच्या गोष्टी या:

१. जागा निवडताना सडलेला, पिवळा पडलेला मधला भाग सोडा. व्रणाची उंचावलेली कड आणि तिला लागून थोडी निरोगी त्वचा घ्या. पांढऱ्या-लाल चट्ट्यात लाल भाग आधी. मोठ्या चट्ट्यातून एकाऐवजी दोन-तीन ठिकाणचे तुकडे घ्या, कारण एकाच चट्ट्यात एके ठिकाणी साधा जाड थर आणि बोटभर अंतरावर कर्करोग असं सर्रास आढळतं.

२. भुलीचं इंजेक्शन चट्ट्यात टोचू नका, कडेने द्या. आत टोचल्यास पेशींच्या मध्ये पाणी भरतं आणि स्लाइडवर खोटी सूज दिसते.

३. तुकडा निदान ५ मिमी लांब हवा, आणि खोलीही हवी. वरवर खरवडलेल्या तुकड्यात पेशी बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे वरच्या थराखालचा पातळ पडदा, ओलांडून गेल्यात की नाही हे सांगता येत नाही, आणि नेमकं तेच सांगायचं असतं.

४. कॉटरी किंवा लेझरने कापू नका. जळलेल्या कडेवर डिसप्लेझियाची (कर्करोगाआधीच्या पेशींतल्या बदलांची) प्रत, म्हणजे ग्रेड, ठरवता येत नाही. चिमट्यात घट्ट दाबल्यानेही पेशी चिरडतात. एक टाका घालून त्याला धरून उचला.

५. पातळ तुकडा कागदाच्या छोट्या चौकोनावर सपाट पसरवा आणि कागदासकट बाटलीत सोडा. नाहीतर तो गुंडाळला जातो, काप तिरका जातो, आणि तिरक्या कापात निरोगी पेशींची बेटंही आत घुसलेल्या कर्करोगासारखी दिसतात.

६. फॉर्मेलिन १० टक्के, बफर केलेलं, तुकड्याच्या दहा ते वीस पट. बाटली रुंद तोंडाची. सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये पाठवलेला तुकडा वाया गेल्यातच जमा. अपवाद एकच: पेम्फिगससारख्या फोडांच्या आजारात इम्युनोफ्लुरोसन्स (चमकणाऱ्या अँटिबॉडीची तपासणी) करायचं असेल तर दुसरा तुकडा मिशेल द्रावणात, फॉर्मेलिनमध्ये कधीही नाही.

७. नाव आणि नंबर बाटलीच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिलेलं नाव दुसऱ्या बाटलीवर जायला एक क्षण पुरतो.

फॉर्मेलिनमध्ये किमान सहा तास आणि जास्तीत जास्त ७२. शनिवारी दुपारी आलेली बाटली सोमवारपर्यंत चालते. चतुर्थीच्या सुट्टीत आलेली मात्र चालत नाही. सुट्ट्यांआधीच टेक्निशियनशी बोलून प्रोसेसिंगचं वेळापत्रक लावून घ्या. फॉर्मल्डिहाइड स्वतः कर्करोगकारक आहे, त्यामुळे ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना पाहून कापायच्या, टेबलावर हवा खेचणारा पंखा आणि हातमोजे सक्तीचे, घाई कितीही असो.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. जून ते सप्टेंबर इथल्या हवेत इतका ओलावा असतो की मायक्रोस्कोपच्या भिंगांवर बुरशी धरते. लेन्स फक्त लेन्स पेपरने हलकेच पुसा, वापर नसताना भिंगं सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, जेलचा निळा रंग गेला की ते भट्टीत सुकवा. काच चिकटवणारं डीपीएक्स लावण्याआधी स्लाइडमधलं पाणी पूर्ण गेलं नसेल तर काचेखाली दुधी ढग येतो. अल्कोहोलची शेवटची बरणी पावसाळ्यात लवकर बदलावी लागते. उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, म्हणून ब्लॉक कापण्याआधी बर्फावर ठेवा आणि दुसऱ्या गावी पाठवायचे असतील तर बंद गाडीच्या काचेजवळ ठेवू नका.

मोठा नमुना: मोजमाप चुकलं तर स्टेज चुकते

जीभ किंवा गाल आणि त्यासोबत मानेच्या गाठी असा शस्त्रक्रियेचा नमुना आला की नवा रेसिडेंट घाबरतो. घाबरण्यासारखं आहेच, कारण इथल्या मिलिमीटरवर पुढचा उपचार ठरतो.

आधी सर्जनला फोन करा. टाके कुठल्या बाजूला आहेत, दात पुढचे की मागचे, हे त्याच्याकडून ऐका. मग वेगवेगळ्या रंगांची शाई, मग फोटो, मगच सुरी. काढल्याबरोबर तोंडाची त्वचा आकसते, साधारण पाचवा ते तिसरा हिस्सा. सर्जनने एक सेंटिमीटर सोडून कापलेली कड टेबलावर सात मिमी भरली म्हणून त्याच्यावर ठपका ठेवू नका. रिपोर्टमध्ये ५ मिमी आणि त्याहून जास्त अंतर सुटलेलं असेल तर कड मोकळी धरतात, त्याहून कमी असेल तर जवळची. आकडा नेहमी लिहा. नुसतं 'मार्जिन फ्री' लिहिलं तर पुढे कोणालाच त्यावर अभ्यास करता येत नाही.

ट्यूमरच्या दर सेंटिमीटरमागे निदान एक ब्लॉक. हाड असेल तर त्याला चिकटलेला मऊ ट्यूमर आधी वेगळा काढून साध्या पद्धतीने प्रोसेस करा आणि उरलेलं हाड मऊ करायला आम्लात टाका. सगळंच आम्लात गेलं तर डीएनए तुटतो, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री (अँटिबॉडीने प्रथिनं रंगवण्याची पद्धत) फिकी येते, आणि पाच वर्षांनी त्या ब्लॉकवर काही करायचं म्हटलं तर हात बांधलेले असतात. ज्या हाडावर जीनचा अभ्यास करायचा आहे त्याला ईडीटीए द्या, ते हाड हळूहळू मऊ करतं. काही आठवडे लागतील, लागू देत.

मानेच्या नमुन्यात गाठी बोटांनी चाचपून शोधा, चरबीच्या प्रत्येक तुकड्यात. १८ पेक्षा कमी गाठी मिळाल्या तर पुन्हा टेबलावर जा. बहुतेक वेळा गाठी असतातच, घाईत राहून गेलेल्या असतात.

आता डेप्थ ऑफ इनव्हेजन, म्हणजे कर्करोग किती खोल घुसला ते. एजेसीसी या अमेरिकी समितीच्या स्टेजिंग नियमांच्या आठव्या आवृत्तीने, जी २०१८ पासून लागू झाली, हे माप थेट टी-स्टेजमध्ये, म्हणजे मूळ ट्यूमरच्या स्टेजमध्ये, आणलं. दोन सेंटिमीटरपर्यंतचा ट्यूमर ५ मिमी किंवा कमी खोल असेल तर टी१. तोच ५ मिमीच्या पुढे गेला तर टी२. दोन ते चार सेंटिमीटरच्या ट्यूमरची खोली १० मिमी ओलांडली की टी३. मोजायचं असं: ट्यूमरच्या शेजारची निरोगी त्वचा शोधा, तिच्या बेसमेंट मेम्ब्रेनची पातळी धरून आडवी रेघ कल्पा, आणि तिथून सर्वांत खोल पेशीपर्यंत ओळंबा सोडा. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे ट्यूमरच्या पृष्ठभागापासून मोजणं. ती जाडी झाली. फुलकोबीसारख्या वर वाढलेल्या ट्यूमरमध्ये जाडी खोलीपेक्षा जास्त भरते आणि रुग्णाला उगाच वरची स्टेज मिळते. खड्डा पडलेल्या व्रणात उलटं होतं आणि स्टेज खाली येते. म्हणून निरोगी त्वचेसकट एक तरी काप घ्या. तोच नसेल तर रेघ कुठून ओढणार?

हा मिलिमीटर किती महत्त्वाचा आहे ते समजायला टाटा मेमोरियलचा २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अभ्यास मूळातून वाचा. लवकरच्या टप्प्यातल्या मुखकर्करोगात मानेच्या गाठी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. गाठ दिसली तरच काढायची असं ठरवलेल्यांपैकी ६७.५ टक्के. तोंडातला ट्यूमर लहान असतानाही मान उघडायची का, हे ठरवताना सर्जन आज पॅथॉलॉजिस्टने लिहिलेली खोली पाहतो. शस्त्रक्रियेच्या क्षेत्रातला हा अभ्यास पॅथॉलॉजीवर उभा आहे, आणि डॉक्टर-संशोधक म्हणजे काय याचं यापेक्षा चांगलं उदाहरण शोधावं लागणार नाही.

सवयींचा इतिहास: इथले प्रश्न इथल्या शब्दांत

छापील फॉर्मवर 'तंबाखू: हो/नाही' एवढंच असतं. 'नाही'वर खूण होते आणि संशोधनाचा सगळा डेटा तिथेच नासतो. मशेरी लावणारी बाई स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही. ती दात घासते. म्हणून विचारायचं ते असं: सकाळी दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? किती वेळ तोंडात ठेवता? पानात काय काय घालता? सुपारी कच्ची, भाजलेली की पुडीतली? गालाच्या कुठल्या बाजूला धरता? शक्य तिथे कोंकणीतून विचारा, आणि सासू-सुनेला एकत्र बसवून विचारू नका.

गोव्यातल्या जुन्या नोंदींमध्ये धुमटी येते: फणसाच्या वगैरे पानात तंबाखू गुंडाळून केलेली विडी. काही जण, विशेषतः बायका, ती जळतं टोक तोंडात धरून ओढत, आणि अशांच्या टाळूवर वेगळेच बदल दिसतात. टाळूवरचा चट्टा दिसला आणि वय जास्त असलं, तर हा प्रश्न राहू नये. गोव्याने २००५ मध्येच गुटखाबंदी केली, तरी पुडी खाणारे रुग्ण येतात, आणि सुपारीवर बंदी नाही. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने) २००४ च्या अहवालात स्पष्ट केलं आहे. तोंड न उघडणारा सबम्युकस फायब्रोसिसचा रुग्ण 'मी तंबाखू खात नाही' म्हणतो तेव्हा बहुधा खरंच बोलत असतो. दारूचंही प्रमाण लिहा, प्रकार लिहा. 'ऑकेजनल' या शब्दाचं कोष्टक होत नाही.

थीसिसचा विषय

सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, पहिल्या सहा महिन्यांत द्यायचा असतो, म्हणून विषय घाईने निवडला जातो. बहुतेक वेळा तो असा असतो: तीस कर्करोग, तीस डिसप्लेझिया, तीस निरोगी, आणि एक नवं अँटिबॉडी. तिन्ही गटांत फरक येतोच, कारण तो कोणत्याही मार्करने (पेशींतल्या मोजता येणाऱ्या खुणेने) येतो. त्यातून रुग्णाला काही मिळत नाही.

दुसरी चूक: 'ल्युकोप्लेकियाचं (तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचं) कर्करोगात रूपांतर कशाने होतं ते पाहणार.' जगभरच्या अभ्यासांचं संकलन केलं तेव्हा हे प्रमाण सरासरी ३.५ टक्के आलं, आणि तेही बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर. तुम्ही साठ रुग्ण जमवले तर हाती दोन लागतील. दोघांवर आकडेशास्त्र चालत नाही.

मग करायचं काय? गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १४.५८ लाख. मुंबईइतक्या केसेस इथे कधीच मिळणार नाहीत, त्यामुळे आकड्यांच्या शर्यतीत उतरू नका. पण पेडण्याचा रुग्ण असो की काणकोणचा, तो दोन-अडीच तासांत बांबोळीला पोचतो, आणि दंत महाविद्यालय व गोमेकॉ एकमेकांना लागून आहेत. म्हणजे निदान, शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि नंतरची वर्षं यांचा धागा जोडणं इथे मोठ्या शहरापेक्षा सोपं आहे. चांगले विषय त्यातून येतात. विभागातल्या दहा वर्षांपूर्वीच्या डिसप्लेझियाच्या स्लाइड काढा आणि त्या रुग्णांचं पुढे काय झालं ते शोधा. जुन्या रिपोर्टांमधली खोली नव्या पद्धतीने पुन्हा मोजून किती जणांची स्टेज बदलते ते पाहा. किंवा दोन पॅथॉलॉजिस्ट एकच डिसप्लेझिया तीन प्रतींत वाचताना किती वेळा सहमत होतात आणि दोन प्रतींत वाचताना किती, हे कप्पा (kappa) या सहमती मोजणाऱ्या आकड्याने मोजा. शेवटच्या विषयाला खर्च जवळजवळ नाही, आणि निष्कर्ष दुसऱ्या दिवशीपासून वापरता येतो.

परवानगी

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या नमुन्याआधी हवी, नंतर घेतलेली मंजुरी ही मंजुरी नव्हे. निदानासाठी काढून उरलेल्या जुन्या ब्लॉकवर ओळख पुसून काम करायचं असेल तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कमिटी संमतीपत्रात सूट देऊ शकते. ती मागावी लागते, गृहीत धरायची नसते. नव्या रुग्णांचं संमतीपत्र मराठी, कोंकणी आणि इंग्रजीत करा, आणि त्यात 'उरलेला तुकडा पुढच्या संशोधनासाठी ठेवला तर चालेल का' हा वेगळा रकाना ठेवा. उपचाराचा प्रयोग असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत नोंदणी. संशोधनासाठी ब्लॉक कापताना निदानाचा तुकडा संपवू नका; रुग्ण दुसरं मत घ्यायला मुंबईला गेला तर त्याला तो लागणार आहे.

प्रयोगशाळेत काय बिघडतं

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीसाठी ३ ते ४ मायक्रॉनचे काप, चार्ज केलेल्या स्लाइडवर, ताजे. महिनोन्‌महिने ठेवलेल्या कापांत रंग फिका येतो आणि तुम्ही त्याला 'मार्कर कमी झाला' म्हणता. प्रत्येक खेपेला एक होकारार्थी आणि एक नकारार्थी कंट्रोल. पार्श्वभूमी तपकिरी आली तर आधी धुण्याचे टप्पे आणि अँटिबॉडीची पातळता पाहा; काप तरंगून निघाला तर अँटिजेन रिट्रीव्हलची उकळी किंवा स्लाइड. पी५३ हे प्रथिन पूर्ण नसणं हेही असाधारण असतं, नुसती गडद स्लाइड शोधू नका. आणि पी१६ या प्रथिनाची ७० टक्क्यांची रेघ घशातल्या, म्हणजे ओरोफॅरिंक्सच्या ट्यूमरसाठी आहे. गालाच्या कर्करोगात पी१६ सापडला म्हणून एचपीव्ही विषाणू आहे असं लिहिलेले लेख परत येतात, आणि यायलाच हवेत.

ब्लॉकमधला डीएनए तुटका असतो, म्हणून पीसीआरचा तुकडा दीडशे बेसच्या आसपास ठेवा. आरएनए हवा असेल तर शस्त्रक्रियागृहातच तुकडा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये, अर्ध्या तासाच्या आत, आणि मग उणे ८० अंशांत. त्या फ्रीझरला वेगळी वीज आणि तापमानाची रोजची नोंद हवी. पावसात वीज जाते. वर्षभराचे नमुने एका रात्रीत पाणी होऊ शकतात. सगळे नमुने एकाच फ्रीझरमध्ये ठेवू नका.

पैसे नसतील तरी शिकता येतं. टीसीजीए या अमेरिकी कर्करोग-जनुक प्रकल्पाचा डोक्या-मानेच्या कर्करोगांचा डेटा खुला आहे. गाल-हिरडीच्या भारतीय कर्करोगांचा जनुकीय नकाशा कल्याणीच्या एनआयबीएमजी या जनुकशास्त्र संस्थेने आणि खारघरच्या कर्करोग-संशोधन केंद्राने, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकने मिळून २०१३ मध्ये मांडला. तो शेजारी ठेवून वाचलात तर तंबाखू-सुपारीचा कर्करोग कुठे वेगळा पडतो ते कळतं. स्लाइडवरच्या पेशी मोजायला क्यूपाथ हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

आकडेवारीबद्दल एवढंच: कट-ऑफ, म्हणजे कुठल्या आकड्यापुढे 'जास्त' म्हणायचं ती रेघ, आधी ठरवा. निकाल बघून सर्वांत सुंदर पी-व्हॅल्यू देणारी रेघ ओढली तर पुढच्या कोणालाही तो निकाल पुन्हा मिळणार नाही. संख्याशास्त्रज्ञाला सिनॉप्सिसच्या आधी भेटा, डेटा जमल्यावर नाही. मार्करवरचा लेख लिहिताना रिमार्क (REMARK) ही अशा लेखांत काय काय हवं याची यादी समोर ठेवा.

एमडीएसनंतर

शिकवण्याच्या नोकरीत लागला तर आठवड्यातला एक पूर्ण दिवस संशोधनासाठी लेखी मागून घ्या, तोंडी मिळालेला दिवस परीक्षांच्या मोसमात नाहीसा होतो. शक्य असेल तर सहा महिने ते वर्षभर मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या डोक्या-मानेच्या पॅथॉलॉजी विभागात काढा. लाळग्रंथींचे ट्यूमर आणि हाडातल्या गाठी तिथे एका महिन्यात जितक्या दिसतात तितक्या इथे वर्षभरात दिसत नाहीत. परत आल्यावर आपल्या हद्दीबाहेरची स्लाइड गोमेकॉच्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायला संकोच करू नका. गोमेकॉच्या ट्यूमर बोर्डला, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या बैठकीला, नियमित बसा. संशोधनाचे प्रश्न तिथे फुकट मिळतात: सर्जन एखाद्या रिपोर्टवर अडखळला, तो शब्द लिहून घ्या.

निधीसाठी आधी कॉलेजचा किंवा विद्यापीठाचा छोटा प्रकल्प, मग आयसीएमआरचा बाहेरील प्रकल्प, आणि दोन-तीन चांगले लेख हाती आल्यावर इंडिया अलायन्स या निधी देणाऱ्या संस्थेची क्लिनिकल फेलोशिप. उलट क्रमाने गेलात तर समीक्षक पहिला प्रश्न विचारतात, प्राथमिक डेटा कुठे आहे? पीएचडी नोकरी सांभाळून करायची असेल तर विषय असा घ्या की नमुने तुमच्या रोजच्या कामातूनच येतील.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही. रुग्णाचा नंबर, घरातल्या दुसऱ्या कोणाचा नंबर, गाव आणि वाडा, ब्लॉक नंबर, स्लाइड कुठल्या कपाटात, शेवटचा फोन कधी. दर सहा महिन्यांनी, एखाद्या निवांत दुपारी, यादी काढून फोन करा. आधी चट्टा कसा आहे ते विचारा, मशेरी सुटली का ते विचारा, बदल वाटत असेल तर लगेच बोलवा. अभ्यासाचा रकाना त्यानंतर भरा.